जीपचं छप्पर काही ठरेना

माणसानं किती चेंगट असावं याले काही हद्द असते. आमच्या यायले नाही. दोन महिने माह्या घरात जीपच्या छपराशिवाय दुसरी गोष्ट नव्हती. ताटात भात वाढला तरी छप्पर, देवापुढे दिवा लावला तरी छप्पर. एक डाव तर न्हाणीतून ओल्या पायानं बाहेर आले अन् विचारते, "मंजू, मागून उघडणाऱ्या छपरात पाऊस आत येते काय वो?" मी म्हटलं, अजी माघ महिना चालू आहे, पाऊस कुठं आहे? तर म्हणे, नाही, येऊन जाते कधी कधी. अन् गेले अंग पुसत.

आता तुम्ही म्हणसान, ही बाई नवऱ्याच्या नावानं काहून बोंबलून राह्यली. तर पहिल्यापासून सांगते.

आमचे हे म्हणजे सुखराम मेकॅनिक. बालाघाट गावात यायले फार कोणी ओळखत नाही, पण बैहरच्या वरच्या अंगाले, डोंगरातल्या गावांमध्ये जाऊन विचारा. पाण्याच्या खात्यात चौतीस वर्षं यायनं सरकारी हँडपंप सुधरवले. पाइप वर काढा, वायसर बदला, साखळी बदला, पुन्हा पाइप खाली सोडा. सोमवारच्या पयल्या बसनं पान्यांची पेटी घेऊन जात, ते शुक्रवारी येत, कधी शनिवारी. हाताले ग्रीस, अंगाले गंजाचा वास. तीन साबणं लावली तरी तो वास जात नसे. पण कोणत्या गावचा पंप कोणत्या साली बसला, किती पाइपावर पाणी आहे, हे सगळं यायच्या तोंडपाठ. माहा जन्मदिवस विचारा, सांगता येणार नाही.

मी तुमसरकडची. लग्न होऊन इथं हिंदी मुलखात आली तेव्हापासून म्हणून राह्यली, मले एक डाव तुमच्या त्या गावायले घेऊन चला. नुसतं एक डाव. यायचं एकच उत्तर, "रिटायर झालो का तुले नेतो." पोरगा झाला, मोठा झाला, पुण्याले नोकरीले लागला, त्याचं लग्न झालं, अन् मी बैहरच्या पुढे पाय ठेवला नाही. घरी बसून नावं ऐकत राह्यली. अमक्या टोल्यातली बुढी अशी, तमक्या गावचा पंप तसा. माह्या डोक्यात एवढ्या वर्षायची गावं होती, डोळ्यानं एक पाह्यलं नव्हतं.

दिवाळीत हे रिटायर झाले. अन् होळी झाली का आम्हाले पुण्याले जायचं आहे. सून श्रुतिकाचे दिवस भरत येऊन राह्यले, तिले माय नाही, आमचा पोरगा रजत दिवसभर कंपनीत. लेकराचं करता करता वर्ष जाईन, दोन जातीन. तोवर माहे गुडघे गाडीत चढाच्या कामाचे राहतीन याची खातरी कोण देते? म्हणजे जे काय जाणं होतं ते होळीच्या आधी. नाही तर मंग झालंच माहं पाहणं.

यायनं लिलावातली एक जुनी जीप घेतली, चारही चाकं जोर लावतात ती. म्हणे, तिकडच्या रस्त्याले हीच लागते. मी खुश झाली. गाडी दारात आली त्याच दिवशी मी नारळ फोडला, हळदकुंकू लावलं अन् समोर काचेच्या खाली माह्या हातानं एक गणपती चिकटवला. पक्का चिकटवला, टूबमधला सगळा गोंद लावून. मले वाटलं, आता आठ दिवसांत निघतो.

पण तेवढ्यात आमच्या रजतनं मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. जीपचं छप्पर खटकन वर उचलते, खालून कापडाच्या भिंती उभ्या होतात, अन् मधात झोपाले फळी. बाहेरून शिडी नाही, सीटवर पाय ठेवून आतूनच वर चढाचं. "आई, तुझ्या गुडघ्यांसाठी हेच बरोबर," रजत म्हणे. पोराचं मन चांगलं आहे, पण त्यानं तो व्हिडिओ पाठवला नसता तर मी कधीच तीन डाव जाऊन आली असती.

त्या दिवसापासून हे वही घेऊन बसले. पंपाच्या नोंदीची जुनी वही, तिच्या मागच्या पानायवर छपरं लिहून राह्यले. एक पुढच्या बाजूले बिजागर असणारं, मागून उचलते, उतरत्या छपरासारखं दिसते. एक चारही बाजूनं सरळ वर जाणारं, हँडल फिरवून. एक बाजूले उलगडणारं, त्याले शिडी लागते म्हणून ते माह्या गुडघ्यायनं बाद केलं. राह्यले दोन. दोनातून एक निवडाले माणसाले किती वेळ लागते? माहं भाजीवाल्यापाशी वांगे निवडणं दोन मिनिटांत होते.

फोनवर यायचे प्रश्न ऐकले असते तर तुम्ही फोन हिसकून घेतला असता. नागपूरच्या दुकानदाराले विचारते, "भाऊ, फळी जमिनीपासून किती उंच राहते? कुत्रं चढन काय? अन् डुक्कर?" तो बिचारा म्हणे, सर, डुक्कर कसं चढेल. तर हे, "नाही, उडी मारन तर?" मंग, फळीत खालून ओल चढते काय. मंग, कापड गाईनं चाटलं तर फाटते काय. दुकानदार म्हणे, "सर, गाय कशाला चाटेल?" हे म्हणतात, "घामाचं मीठ असते न भाऊ कापडाले." मी स्वयंपाकघरात कपाळाले हात लावून उभी. त्या दुकानदारानं दुसऱ्या दिवशीपासून आमचा फोन घेणं बंद केलं.

मंग नागपूरले गेलो. दुकानात ते पुढे बिजागरवालं छप्पर एका गाडीवर बसवलेलं होतं. यायनं चपला काढल्या, वर चढले, आतल्या गादीवर पडले. मले वाटलं, चला, ठरलं. दोन मिनिटांत खाली उतरले. मी विचारलं, काय झालं? म्हणे, बरं आहे. मंग घ्याचं? म्हणे, विचार करतो. दुसऱ्या दुकानात तेच. बरं आहे, विचार करतो. येताना बसमध्ये मी एक शब्द बोलली नाही, तर यायले ते समजलंच नाही. खिडकीतून बाहेर पाहत मजेत शेंगा खाल्ल्या.

घरी आल्यावर नवीन काढलं. रात्रभर विचार केला असन, सकाळी चहा पिता पिता म्हणे, "मंजू, त्या छपरात उंची मागं आहे. म्हणजे डोकं मागं, पाय पुढे."

"मंग?"

"पुढे तुहा गणपती आहे न."

मी चहाचा कप खाली ठेवला. देवाच्या डोक्यावर पाय करून झोपाचं. आमच्या माहेरी देवघराच्या वरच्या माळ्यावर कोणी पायसुद्धा देत नसे, धान्य ठेवाचं असलं तरी दुसऱ्या खोलीवर ठेवत. अन् गणपती चिकटवला कोणं, तर म्याच. मले राग आला तो याच्यासाठी का या माणसाचं दोन महिन्यांत हे एकच बोलणं खरं निघालं, अन् नेमकं माह्याच अंगावर आलं.

मी म्हटलं, उलटं झोपू, डोकं पुढे. तर तिकडे छप्पर नाकाले लागते. मी म्हटलं, देवाले मागं बसवू. तर मागं जॅक, पान्यांची पेटी अन् डिझेलचा डबा. "देवाले जॅकजवळ बसवतं काय?" हे म्हणाले. सरळ वर जाणारं घ्या म्हटलं, तर म्हणे, ते डोंगरावरच्या हवेत हलते. म्हणजे पुन्हा तिथंच आलो.

शेवटी मीच यायले वारासिवनीले पुनारामकडे घेऊन गेली. पुनाराम राइस मिलवाल्यांचे पत्र्याचे हॉपर बनवते, धान वरून टाकतात न, ते. पत्रा अन् बिजागर यातलं त्याले जेवढं समजते तेवढं नागपूरच्या कोणाले समजत नसन. त्यानं अर्धा तास यायचं ऐकलं, वही पाह्यली, चहा मागवला अन् एका वाक्यात सांगतलं, "बिजागर मागं लावतो, छप्पर पुढून उचलन. डोकं पुढे, पाय मागं. देव बी खुश."

मले त्या माणसाच्या पाया पडावं वाटलं. पण हे बसले मान हलवत. "पुढून उघडणार म्हणजे चालत्या गाडीत हवा भरन. घाटात छप्पर उडून गेलं तर?" पुनाराम म्हणे, दोन कड्या लावतो. हे म्हणे, कडी तुटली तर? पुनाराम म्हणे, चार लावतो. हे म्हणे, "हौ, विचार करतो."

घरी आल्यावर मी साफ सांगतलं का आता मी काही विचारणार नाही अन् सांगणार नाही. चार दिवस वरण-भात केला, सकाळ-संध्याकाळ. भाजी नाही, पोळी नाही. यायनं गपचूप खाल्लं. वरून म्हणे, वरण चांगलं झालं. होळीले अठरा दिवस राह्यले होते.

अन् पाचव्या दिवशी चैतराम आला.

चैतराम हा सरईटोल्याचा, बैहरहून पुढे घाट चढून गेल्यावर त्यायचं गाव. त्याचा कोणी नातेवाईक इथं दवाखान्यात होता, तर भेट घेऊन जावं म्हणून घरी आला. हातात पिशवीभर बोरं. हे नेमके घरी नव्हते, पुन्हा पुनारामकडे कड्या पाहाले गेलते. मी चैतरामले बसवलं, चहा दिला. नाव मी वीस वर्षं ऐकत होती, माणूस पहिल्यांदा पाह्यला. मले बरं वाटलं अन् मी आपलं रडगाणं सुरू केलं. आम्ही तुमच्या गावाले येणार होतो, पण तुमच्या भैयाले गाडीचं छप्परच पसंत पडून नाही राह्यलं.

चैतराम हसला. "छत का क्या करना है भाभी? स्कूल की परछी तो है. भैया तो हमेशा वहीं सोते थे." परछी म्हणजे शाळेपुढची उघडी ओसरी.

मी म्हटलं, "परछी में काहे को? रेस्ट हाउस में सोते थे न."

"कौन सा रेस्ट हाउस?" तो म्हणे. "हमारे उधर तो कोई रेस्ट हाउस नहीं है."

मले तर चौतीस वर्षं रेस्ट हाउसच सांगतलं होतं. जंगल खात्याचं रेस्ट हाउस असते, पलंग असते, गादी असते, मच्छरदाणी असते, चौकीदार कोंबडी रांधते. मी नवी नवरी होती तेव्हा पयल्यांदा विचारलं होतं, कुठं झोपता तुम्ही? तेव्हापासून रेस्ट हाउस. माणसानं खोटं किती बारकाईनं सांगावं, त्या चौकीदाराले बायको होती, तिचं मायच्या घरी भांडण होतं, हे बी मले माहीत.

चैतराम आपल्या मजेत सांगत राह्यला. एकदा डुकरानं भैयाची भाकरीची पिशवी पळवली, सारं गाव मागं पळालं. एकदा पावसात परछीत खालून ओल आली अन् चादर पिळून घ्यावी लागली. गाईनं वाळत टाकलेला सदरा चाटून चाटून फाडला. थंडीत एक कुत्रं यायच्या पाठीले लागून झोपे, तर भैया त्याले हाकलत नसत, म्हणत, गरम लागते. त्याले वाटत होतं का मी हसीन. मी हसली नाही. फोनवरचे ते सगळे येडपट प्रश्न मले एकेक करून समजून राह्यले होते.

अन् मंग मले दुसरी गोष्ट आठवली, ती मी आजवर कोणाले सांगतली नाही.

तेव्हा आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहत होतो. घरात पलंग एकच. सोमवार ते शुक्रवार मी एकटी, लहान रजत, अंथरुणाले खिळलेली सासू, पाणी भरणं, दवाखाना. शुक्रवारी हे दारात आले का मी म्हणे, तुम्ही तर तिकडे गादीवर लोळून आले, आता पलंग आम्हा मायलेकराले. हे म्हणत, "हौ हौ, माहं तर झालं झोपून." अन् खाली सतरंजी टाकत. पयले एकदोन डाव मी म्हटलं असन. मंग म्हणाची गरजच पडली नाही, आले का आपल्या हातानं सतरंजी काढत. पोरगा मोठा झाला, दुसरा पलंग आला, तरी यायची जागा खालीच राह्यली. मले कधी वाटलं नाही का विचारावं. पाच दिवस परछीत, दोन दिवस माह्या घरात जमिनीवर. अन् मी बाई सगळ्यायले सांगत फिरे का आमच्या यायची मजा आहे, सरकारी पाहुणे.

चैतराम गेला. मी बोरं तशीच ठेवून बसून राह्यली. मले रडू आलं, पण त्याच्या आधी राग आला, अन् तो कोणावर काढावा ते समजेना.

हे आले. मी विचारलं, "कोणतं रेस्ट हाउस?"

यायनं चपला काढता काढता बोरायची पिशवी पाह्यली. "चैतराम आलता काय?"

"हौ. कोणतं रेस्ट हाउस ते सांगा."

खुर्चीवर बसले. मंग म्हणे, "तेव्हा खरं सांगतलं असतं तर तूच पाच दिवस जागी राह्यली असती. इथं तुहे हाल काय कमी होते?"

"म्हणून चौतीस वर्षं? अन् घरी आल्यावर बी खाली झोपले. तोंड नव्हतं काय तुम्हाले?"

"तू थकलेली राहत होती वो."

माह्याजवळ बोलाले काही नव्हतं म्हणून मी आणखी मोठ्यानं बोलली. "मंग आता काहून एवढा चेंगटपणा? मले तिथं न्याचंच नाही, असं सांगा. परछी दिसन म्हणून."

"न्याचं आहे," हे म्हणाले. "तुले तिथं जमिनीवर नाही झोपवाचं, एवढंच. पाहून राह्यलो न दोन महिन्यांपासून."

"पाहून राह्यले, पण घेऊन नाही राह्यले. गणपतीचं निघालं, हवेचं निघालं, कड्यायचं निघालं. आता काय राह्यलं?"

हे खाली पाहत बसले. चोरी पकडलेल्या पोट्ट्यासारखं तोंड झालं होतं. "सगळ्यायमध्ये गादी आहे वो. मी नागपूरले पडून पाह्यलं. कंबर बुडते. मले गादीवर झोपच येत नाही, आदतच नाही राह्यली. त्या एवढ्याशा डब्यात मी रातभर इकडून तिकडे होईन, अन् तुही बी झोप जाईन. तुले तिथं कुठं जाऊन निजता येईन?"

मी उठली. पुनारामले फोन लावला. म्हटलं, बिजागर मागं लाव, कड्या चार लाव, अन् आत अर्ध्या फळीवर चार बोटांची गादी टाक, अर्धी फळी उघडी ठेव. पुनाराम म्हणे, "एकाच बाजूले गादी? ताई, असं कोणी करत नाही." मी म्हटलं, आमच्या घरी करतात. हे पाहत राह्यले, पण पहिल्यांदा "विचार करतो" म्हणाले नाही.

आठ दिवसांत छप्पर बसलं. होळीच्या पाच दिवस आधी आम्ही निघालो. घाटात यायनं चार डाव गाडी थांबवून कड्या तपासल्या. सरईटोल्याले पोहोचलो तर सारं गाव जमा झालं. छप्पर वर केलं तर बाया तोंडाले पदर लावून हसल्या, पोट्टे आत-बाहेर चढू लागले. यायले तर वेळच नव्हता, पेटी उघडून पंपावर बसले. पंपाचा दांडा पोकळ वाजत होता, दोन तासात पाणी आलं.

तोवर मी एकटी शाळेची परछी पाहून आली. फरशी नाही, नुसतं सिमेंट, तेही जागोजागी उखडलेलं. तीन बाजूनं उघडी. भिंतीले एक खिळा होता अन् त्याच्याखाली डोकं टेकून टेकून काळा डाग पडलेला. कोणाले विचाराची गरज नव्हती. मी त्या सिमेंटवर थोडा वेळ बसली अन् उठून आली.

जेवणं झाल्यावर मीच आधी वर चढली, सीटवर पाय देऊन, गुडघे धरत धरत. अन् उघड्या फळीवर जाऊन पडली. हे मागून आले तर जागा राह्यली गादीची.

"मंजू, ती तुही बाजू आहे."

"सरका तिकडे. आदत लावा आता."

"अवो, तुही कंबर..."

"मी म्हटलं न, सरका."

सरकले. गादीच्या कडेले, पडन का काय असे आखडून. त्यायले झोप लागली नाही हे मले माहीत आहे, कारण मले बी लागली नाही. टणक जागेवर झोपणं काय असते ते चौतीस वर्षं मी यायले खाली झोपवलं तेव्हा मले ठाऊक नव्हतं. कूस बदलली का हाडं वाजतात.

सकाळी चैतराम चहाची किटली घेऊन आला. हे खाली उतरून तोंड धुऊन राह्यले होते, डोळे लाल. मी अजून सीटवर पाय ठेवून, कंबरेले हात लावून उतरत होती.

"कैसी नींद आई, भैया?" चैतरामनं विचारलं.

"मस्त," हे म्हणाले.

"और भाभी, आपको?"

"बहुत बढ़िया," मी म्हटलं. "लेटते ही आँख लग गई."

यायनं तोंडावरचा टॉवेल काढला अन् माह्याकडे पाहतच राह्यले.

मी म्हटलं, "काय पाहून राह्यले? खोटं काय तुम्हालेच बोलता येते?"